सालाखालचा डायमंड गायब: नाणं कोलकात्याचं की मुंबईची डाय बुजलेली?

नाणी जमवायला लागून महिना-दोन महिने झाले की एक प्रश्न हमखास पडतो. एक रुपयाची दोन सारखी नाणी, साल तेच. एकाच्या सालाखाली छोटा डायमंड आहे, दुसऱ्याच्या सालाखाली कोरी जागा. मग हे दुसरं दुर्मिळ का? त्याचे किती येतील?

बहुतेक वेळा काहीच नाही. आपल्या टांकसाळींपैकी कोलकाता आपल्या चलनी नाण्यांवर चिन्ह घालत नाही. मुंबईचा डायमंड, हैदराबादचा पाच टोकांचा तारा, नोएडाचा गोल ठिपका आणि कोलकात्याची कोरी जागा, असा हा साधा हिशेब आहे. कोट्यवधी नाण्यांवर चिन्ह नाही, कारण ती अलिपूरमध्ये, म्हणजे कोलकात्याच्या टांकसाळीत, पाडलेली आहेत. ‘बिना मिंट मार्क, अतिदुर्मिळ’ म्हणून हजारो रुपयांना विकायला ठेवलेली नाणी मुख्यतः याच जातीची असतात. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपलं नाव वापरून लोकांकडून पैसे उकळले जात आहेत, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. तेव्हा आधी खिसा सांभाळा, नाणं नंतर बघू.

पण गोष्ट इथे संपत नाही. कोरी जागा असलेलं प्रत्येक नाणं कोलकात्याचंच असतं असंही नाही. मुंबईच्या डायमधला (डाय म्हणजे नाण्यावर नक्षी उठवणारा कोरीव ठसा) डायमंड बुजला, तर तिथून निघणारं नाणं हुबेहूब कोलकात्यासारखं दिसतं. हैदराबादच्या ताऱ्याची टोकं भरली तर तो नोएडाचा ठिपका वाटतो. संग्रहाच्या अल्बममध्ये चुकीच्या शहराच्या खान्यात बसलेली नाणी बरीच असतात, आणि ती तिथे पोचतात ती या वाटेने. म्हणून ‘चिन्ह नाही’ आणि ‘चिन्ह उमटलं नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या कशा ओळखायच्या, हे इथे लिहितो.

बिघाड होतो कुठे

नाण्यावर जे उंच दिसतं ते डायवर खोल कोरलेलं असतं. नाण्याचा सपाट भाग हा डायचा सर्वांत वरचा भाग. हे उलटं गणित डोक्यात पक्कं बसलं की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात, आणि नाही बसलं तर पुढचं सगळं गोंधळाचं वाटेल. टांकसाळचिन्ह म्हणजे डायमधला एक बारीकसा खड्डा. संपूर्ण डायवरचा बहुधा सर्वांत लहान खड्डा तोच. कोरी चकती दोन डायांच्या मध्ये येते, दाब बसतो, धातू क्षणभर पिठासारखा वाहतो आणि सगळ्या खड्ड्यांत शिरतो. मोठ्या आकड्यात तो सहज जातो. एवढ्याशा डायमंडच्या कोपऱ्यांत जाताना त्याची दमछाक होते.

या खड्ड्याचे शत्रू तीन. पहिला ग्रीस. प्रेसचं वंगण, धातूचा भुगा आणि धूळ यांचा लगदा बारीक खड्ड्यात साठतो, दर ठोक्याला आणखी ठासला जातो आणि शेवटी घट्ट होऊन बसतो. त्या डायने पाडलेल्या नाण्यांवर चिन्ह आधी पुसट होतं, मग नाहीसं होतं. डाय साफ केली की पुन्हा उमटायला लागतं. म्हणजे एकाच डायची, एकाच दिवसाची नाणी तीन प्रकारची असू शकतात. कधी तो घट्ट झालेला खडा सुटून पुढच्या चकतीवर पडतो आणि ठोक्याखाली सापडतो. मग नाण्यावर भलत्याच जागी खोलगट खूण उमटते. अशी नाणी क्वचित दिसतात, पण दिसली की ओळखता यायला हवीत.

दुसरा शत्रू म्हणजे झीज. लाखो ठोक्यांनंतर डायच्या खड्ड्यांच्या कडा गोलावतात. धातू कडेकडे वाहताना डायच्या पृष्ठभागावर बारीक त्रिज्यांसारख्या रेघा पाडतो, आणि नाण्याच्या सपाट भागाला संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो. साल आणि त्याखालचं चिन्ह बहुधा कडेजवळ असतं, तिथे हा परिणाम जास्त. पोलाद कप्रो-निकेलपेक्षा (तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूपेक्षा) कठीण असतं, त्यामुळे स्टेनलेस स्टीलच्या नाण्यांमध्ये डाय लवकर थकते. १९८८ पासूनचे गेंड्याचे २५ पैसे किंवा १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया मूठभर घेऊन बघा. सालाचे आकडे एकात कातीव, दुसऱ्यात मेणासारखे वितळलेले दिसतील.

तिसरा शत्रू माणूस, म्हणजे डायला पॉलिश करणारा कारागीर. मध्ये चकती न येता दोन डाया एकमेकींवर आदळल्या की एकीची नक्षी दुसरीवर उमटते. ती घालवायला डाय घासतात. घासल्यावर डायचा वरचा पृष्ठभाग खाली येतो. खोल खड्डे टिकतात, उथळ खड्डे पुसले जातात. टांकसाळचिन्ह उथळ असेल तर पहिला बळी त्याचाच.

तपासताना आधी काय बघायचं

भिंग दहापटीचं पुरे. जास्त पटीच्या भिंगात नवशिक्याला प्रत्येक ओरखडा एरर, म्हणजे टांकसाळीतली चूक, वाटायला लागतो. दिवा एकच, आणि तो वरून नको, बाजूने तिरका हवा. नाणं बोटांत धरून सावकाश फिरवा. बुजलेल्या चिन्हाचा किंचितसा उंचवटा सरळ प्रकाशात दिसत नाही, तिरक्या प्रकाशात त्याची सावली पडते. मोबाइलने फोटो काढणार असाल तर प्रकाश तसाच ठेवून नाणं पाव फेरा वळवा आणि दुसरा फोटो घ्या. एकाच फोटोवरून कुणालाही मत विचारू नका, फोन स्वतःच्या अकलेने कडा तीक्ष्ण करतो आणि नसलेली टोकं दाखवतो.

पहिला सवाल: नाणं खिशात झिजलंय का? चलनात फिरलेलं नाणं सर्वांत उंच जागांपासून झिजतं. सिंहमुद्रेतले सिंहांचे चेहरे आणि आयाळ, मोठ्या आकड्याचा माथा, ही आधी सपाट होतात. कडेजवळचं चिन्ह उंच काठाच्या आडोशाला असल्यामुळे बऱ्यापैकी उशिरापर्यंत तग धरतं. म्हणून सिंहांची आयाळ नीट दिसते आहे आणि चिन्ह मात्र नाही, असं असेल तर दोष खिशाचा नाही. उलट सगळंच गुळगुळीत झालेलं नाणं असेल तर ते बाजूला ठेवा, त्यावरून काही सिद्ध होणार नाही.

दुसरा सवाल: एकटं चिन्हच गेलंय की आजूबाजूचंही? शेजारचे आकडे धारदार आणि फक्त चिन्ह गायब असेल, तर ग्रीसची शक्यता मोठी, किंवा नाणं खरोखर कोलकात्याचं. आकडेही मऊ, अक्षरं काठाकडे ओढल्यासारखी आणि सपाट भागावर त्या वाहत्या रेघा दिसत असतील, तर डाय म्हातारी झाली होती.

तिसरा सवाल संग्राहक हमखास विसरतात: मागची बाजू. ठोका कमी पडला की दोन्ही बाजूंचा समोरासमोरचा भाग एकदम फिका येतो. भारतीय गणराज्याची नाणी वहीच्या पानासारखी उजवीकडून डावीकडे उलटली तरी दोन्ही बाजू सरळच दिसतात. म्हणजे खाली मध्यभागी साल असेल तर मागच्या बाजूलाही खाली मध्यभागीच बघायचं. तिथलीही नक्षी अर्धवट असेल आणि कोऱ्या चकतीचे मूळ ओरखडे तसेच राहिलेले दिसत असतील, तर चिन्ह बुजलं नव्हतं, त्याला दाबच पोचला नव्हता. अमेरिकी नाण्यांना हा नियम जसाच्या तसा लावू नका. तिथे नाणं वरून खाली उलटावं लागतं.

आणि आता रेघा. हा सगळ्यांत कामाचा पुरावा आहे. डायवर पॉलिशचे ओरखडे पडले तर नाण्यावर त्या रेघा उंच उमटतात. नाण्यावर नंतर कुणी खरवडलं तर रेघा खोल असतात. भिंगाखाली रेघ उंच की खोल हे ओळखायला थोडा सराव लागतो. दिव्याची बाजू माहीत असली तर सावली कुठे पडते यावरून कळतं. पॉलिशच्या उंच रेघा अक्षरांच्या अंगावर चढत नाहीत, अक्षरापाशी येऊन थांबतात आणि पलीकडे पुन्हा सुरू होतात, कारण घासणारा हात डायच्या खोल भागात पोचलेलाच नसतो. ओरखडे मात्र अक्षरावरून सरळ निघून जातात. सालाखालच्या कोऱ्या जागेत समांतर उंच रेघांचा पट्टा दिसला तर पॉलिशने चिन्ह खाल्लं असा संशय घ्यायला हरकत नाही.

आकार फसवतो, जागा फसवत नाही

बुजत जाणाऱ्या सगळ्या चिन्हांचा कल गोल ठिपक्याकडे असतो. ताऱ्याची पाच टोकं म्हणजे पाच अरुंद फटी, त्या आधी भरतात. डायमंडचे चार कोपरे भरतात. उरतो तो गोळा, आणि संग्राहक लिहितो नोएडा. इथे इतिहास मदतीला येतो. नोएडाच्या टांकसाळीत नाणी पडायला लागली ती १९८८ मध्ये. १९७० च्या दशकातल्या नाण्यावर सालाखाली ठिपका दिसला तर नोएडाचं नावही काढू नका, तो थकलेला डायमंड किंवा तारा आहे. ब्रिटिश काळातल्या नाण्यांची गोष्ट निराळी, तिथे मुंबईचंच चिन्ह काही नाण्यांवर ठिपका असायचं.

१९८८ नंतरच्या सालांमध्ये मात्र ताळा करावा लागतो. ताऱ्यातून झालेला ठिपका सहसा पूर्ण गोल नसतो. तिरक्या प्रकाशात एखाद्या बाजूला टोकाचा ठसा राहिलेला असतो. शिवाय त्याच सालाचं निर्विवाद हैदराबादचं नाणं शेजारी ठेवून चिन्हाचं आकड्यापासूनचं अंतर मोजा. आकार बुजतो, फुगतो, तुटतो, पण चिन्हाची जागा सरकत नाही. शंका आली की आधी जागा बघावी, आकार मागाहून.

जागेचं महत्त्व १९८५ च्या रुपयाइतकं दुसरं कुठलंच नाणं शिकवत नाही. त्या काळात नाण्यांची टंचाई होती, म्हणून काही नाणी परदेशांतून पाडून आणली. ब्रिटनमध्ये लँट्रिसंटच्या रॉयल मिंटने पाडलेल्या रुपयावरही डायमंडच आहे, पण तो सालाच्या पहिल्या आकड्याखाली. बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीच्या नाण्यावर त्याच जागी ‘एच’ आहे. आता कल्पना करा, तो ‘एच’ ग्रीसने अर्धा भरला आहे आणि मधली आडवी रेघ तेवढी उरली आहे. भिंगाखाली तो ना डायमंड ना ठिपका. अशा वेळी ‘अज्ञात टांकसाळ’ म्हणून नाचण्यापेक्षा पहिल्या आकड्याखालची जागा बघा, उत्तर तिथेच असतं.

असाच घोळ ‘एम’चा. १९९० च्या दशकाच्या शेवटी मेक्सिकोहून आलेल्या नाण्यांवर ‘एम’च्या डोक्यावर इवलासा गोल आहे, प्रिटोरियाच्या नाण्यांवर ‘एम’ लंबगोलात आहे. मेक्सिकोचा तो गोल बुजला की साधा ‘एम’ उरतो. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवरही, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्यांवरही, ‘एम’ असतो. मग चलनातल्या घासलेल्या नाण्याला कुणीतरी प्रूफ ठरवून मोकळा होतो. प्रूफचं आरशासारखं फील्ड (नक्षीभोवतीचा सपाट भाग) आणि चौकोनी काठ पाहिलेला माणूस यात फसणार नाही, पण पाहिलेलाच नसेल तर?

चिन्ह जास्त दिसत असेल तर

डायचा कोपरा तुटला की नाण्यावर तेवढा धातू जास्त येतो. चिन्हाच्या खड्ड्याची भिंत तुटली तर डायमंडच्या जागी बेढब गाठ दिसते, कधी ती आकड्याला चिकटते. डायला तडा गेला की नाण्यावर उंच, वाकडी रेघ येते. हे सगळं उंच असतं एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. नाण्यावर खोल खड्डा असेल तर डायला दोष देऊ नका, ते बहुधा नंतरचं काम आहे, क्वचित ठोक्याखाली सापडलेल्या ग्रीसच्या खड्याचं.

चिन्ह दुहेरी दिसणं हा वेगळाच विषय आणि त्यावर वाद खूप. अमेरिकेत सेंटच्या चलनी नाण्यांचं चिन्ह १९८९ पर्यंत प्रत्येक कामाच्या डायवर हाताने ठोकत असत. पहिला ठोका वाकडा बसला तर दुसरा मारायचा, मग दोन्ही आकार डायवर राहायचे. त्या नाण्यांना खरोखर मागणी आहे. दुसऱ्या टांकसाळीचं अक्षर आधी ठोकून त्यावर आपलं ठोकल्याचीही उदाहरणं आहेत. १९४४ चा डेन्व्हरचा सेंट, ज्यात ‘डी’खाली सॅन फ्रान्सिस्कोचा ‘एस’ डोकावतो, त्यातलंच. पण आपल्याकडे दुहेरी म्हणून दाखवली जाणारी बहुतांश चिन्हं म्हणजे ठोक्यानंतर डाय किंचित घसरल्याचा परिणाम. त्यात दुसरा आकार सपाट, पायरीसारखा असतो आणि मूळ आकार तेवढाच बारीक झालेला असतो. खऱ्या दुहेरीत दोन्ही आकारांना गोलाई असते आणि टोकांपाशी स्पष्ट फाटा दिसतो. घसरलेल्या ठोक्याच्या नाण्याला मी दर्शनी किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देणार नाही.

१९२२ चा सेंट आपल्या प्रश्नाचं उत्तर का देत नाही

डायच्या दोषाने चिन्ह गेलं आणि नाणं प्रसिद्ध झालं, याचं जगातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेचा १९२२ चा लिंकन सेंट. त्या वर्षी सेंट पाडले फक्त डेन्व्हरने, ७१ लाख ६० हजार. म्हणजे प्रत्येकावर ‘डी’ हवाच. पण काही नाण्यांवर तो नाही. डाया शेवटच्या थेंबापर्यंत वापरल्या गेल्या, घासल्या गेल्या आणि ‘डी’ पुसला गेला. संग्राहकांनी त्या डायांच्या जोड्या वेगळ्या केल्या. त्यातली दुसरी जोडी सर्वांत मोलाची, कारण तिच्यात दर्शनी डाय घासून गेलेली आणि मागची डाय मात्र नवीकोरी होती. म्हणून नाण्याच्या मागच्या बाजूला गव्हाच्या ओंब्यांच्या रेघा ठसठशीत, आणि पुढे सालातला दुसरा ‘२’ पहिल्यापेक्षा ठळक. या खुणा जुळल्या तरच ‘बिना डी’ म्हणून किंमत. ‘डी’ची पुसट सावली दिसली तर भाव घसरतो. आणि ‘डी’ खरवडून काढलेले नमुने तर भरपूर आहेत.

हे उदाहरण वाचून आपल्याकडचे लोक बिनडायमंडच्या रुपयाला तोच न्याय लावतात. तो लागत नाही. १९२२ मध्ये चिन्ह नसणं अशक्य होतं, म्हणून नसणं हाच पुरावा ठरला. आपल्याकडे चिन्ह नसणं ही एका पूर्ण टांकसाळीची रोजची रीत आहे, त्यामुळे नसण्यातून काहीच सिद्ध होत नाही. अर्धा बुजलेला डायमंड असलेलं नाणं हाती लागलं तर ते पूर्ण कोऱ्यापेक्षा माझ्या लेखी जास्त कामाचं, कारण निदान त्याचं गाव तरी सांगता येतं.

मग पूर्ण बुजलेलं नाणं मुंबईचं असल्याचं सिद्ध करता येतच नाही का? एकच खात्रीचा मार्ग आहे, डाय जुळवणं. कोऱ्या नाण्यावर एखादा विशिष्ट तडा, पॉलिशची रेघ किंवा तुटका कोपरा शोधायचा आणि त्याच साल-मूल्याच्या ढीगभर नाण्यांत तीच खूण असलेलं, पण डायमंड पुसट का होईना दिसणारं दुसरं नाणं हुडकायचं. दोन्ही एकाच डायची निघाली की वाद मिटला. यासाठी एकेक नाणं विकत घेऊन भागत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा व्यापाऱ्याकडे लॉटने मिळणारी साधी नाणी इथे उपयोगी पडतात. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, पण डबेच्या डबे अजून घरोघरी पडून आहेत, आणि डाय जुळवण्याचा सराव करायला त्याहून स्वस्त माल नाही.

कुणी मुद्दाम खरवडलं असेल तर

मोठ्या किमतीच्या नाण्यात हा संशय आधी घ्या. चिन्हाच्या जागी फील्डची टांकसाळी चमक अखंड आहे का बघा. नाणं तिरकं फिरवलं की चमकेचा पट्टा फिरतो, तो सालाखाली तुटत असेल तर तिथे हत्यार लागलंय. खरवडलेली जागा किंचित खोलगटही असते. उलट चिन्ह चिकटवलेलं असेल तर त्याच्या पायाशी बारीक फट किंवा वेगळा रंग दिसतो. डायमधून आलेलं चिन्ह फील्डमधून वर उठलेलं असतं, त्याला सांधा नसतो.

वजन आणि चुंबक हे दोन मिनिटांचं काम आहे, तेही उरकून घ्या. १९९२ पासूनच्या मालिकेतला स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅम आणि २५ मिमी, चुंबकाला चिकटतो. कप्रो-निकेलचे जाड पाच रुपये ९ ग्रॅम, २३ मिमी, चिकटत नाहीत. या पाच रुपयांची बनावट नाणी बाजारात बरीच फिरली. त्यांच्यावरची चिन्हं बुळबुळीत असतात आणि हौशी माणूस त्यांना थकलेल्या डायची नाणी समजतो.

नाणं मळलेलं असेल तर चिन्हाभोवतीच्या कोपऱ्यात चिकटलेला मळ त्याला फील्डच्या पातळीला आणून झाकू शकतो. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, ब्रश यातलं काहीही लावू नका, चमक गेली की वरची निम्मी तपासणी कायमची बाद. शुद्ध ॲसिटोनमध्ये काही वेळ बुडवून, न चोळता बाहेर काढून वाळवा. खिडकी उघडी ठेवा, जवळ आग नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतो.

एवढं करूनही निकाल लागला नाही तर होल्डरवर ‘कोलकाता’ लिहू नका, ‘चिन्ह दिसत नाही’ असं लिहा. सोबत तिरक्या प्रकाशातले दोन फोटो आणि डायवरच्या खुणा नोंदवा: तडा कुठे, रेघा कुठल्या दिशेला, मागची बाजू कशी. कॅटलॉगमध्ये त्या सालाला कोलकात्याची नोंद आहे की नाही तेही लिहा, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. कॅटलॉगही कुणीतरी नाणी हातात घेऊनच लिहिलेला असतो, आणि त्याच्या हातात बुजलेल्या डायचं नाणं आलंच नसेल असं नाही.